पार्किन्सन्स आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र: अर्जाच्या तयारीपासून लाभ मिळेपर्यंत

पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर पहिली काही वर्षं गोळ्यांच्या वेळा, व्यायाम आणि न्यूरॉलॉजिस्टच्या (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांच्या) फेऱ्या यांत निघून जातात. दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा विचार बहुतेक घरांत फार उशिरा होतो. नोकरी ओढवेनाशी झाली, घरी दिवसभराचा मदतनीस ठेवावा लागला किंवा औषधांचा खर्च पेलेनासा झाला, की मग चौकशी सुरू होते. तेव्हाही एखाद्या खिडकीवर ऐकायला मिळतं, "हा आजार आहे, अपंगत्व थोडंच आहे?"

हे उत्तर कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. नव्या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार' या शीर्षकाखाली मल्टिपल स्क्लेरोसिससोबत पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. खिडकीवर कुणी नाही म्हटलं तर अनुसूचीच्या त्या पानाची झेरॉक्स पुढे करा. वाद घालायची गरज पडत नाही.

मात्र आजाराचं नाव यादीत आहे एवढ्यावर काही मिळत नाही. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि हे टक्के निदानावरून ठरत नाहीत. हातापायांचं, तोलाचं, बोलण्याचं, रोजच्या कामांचं किती नुकसान झालं आहे यावरून ते ठरतात. सगळी मेख इथेच आहे, आणि या लेखाचा मोठा भागही त्यावरच खर्च करणार आहे. मदतगटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तेच शब्द मी पुढे वापरते.

बोर्डासमोरची दहा मिनिटं आणि उरलेला दिवस

पाय तुटला असेल तर तो सकाळी तुटलेला असतो आणि संध्याकाळीही. पार्किन्सन्सचं तसं नसतं. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची गोळी लागू झालेली असताना माणूस खुर्चीतून उठतो, चालतो, सहीसुद्धा करतो. असर उतरला की तोच माणूस पलंगाच्या कडेला बसून राहतो, दाराच्या उंबऱ्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, कुशीवर वळायलाही कुणीतरी लागतं. डॉक्टर या दोन अवस्थांना 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. आजार जुना होत जातो तसा एका गोळीचा असर कमी तास टिकतो आणि ऑफचा वेळ वाढतो.

वैद्यकीय मंडळाला म्हणजे बोर्डाला यातला एक छोटा तुकडाच दिसतो. त्यातही तपासणीच्या दिवशी शुभार्थी नीट आवरून, गोळी वेळेवर घेऊन, घरच्यांसोबत आलेला असतो. डॉक्टरांपुढे ताठ बसायची, चांगलं चालून दाखवायची आपली सवय असते. "जेवता येतं का?" या प्रश्नाला "हो" असं उत्तर येतं. ते खरंच असतं, पण जेवायला पाऊण तास लागतो आणि भाताचा घास निम्मा ताटात सांडतो हे त्या "हो"मध्ये येत नाही.

काही जण यावर उपाय म्हणून त्या दिवशी गोळीच न घेता जातात. कृपा करून असं करू नका. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्याने तीव्र ताप, स्नायूंचा कडकपणा आणि शुद्ध हरपण्यापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो. शिवाय ऑफमध्ये जिना चढताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर प्रमाणपत्राचं काय घेऊन बसायचं? बोर्डाला न दिसणारे तास कागदावर आणि मोबाइलच्या पडद्यावर नेता येतात. तो मार्ग सुरक्षित आहे, प्रामाणिक आहे आणि जास्त परिणामकारकही आहे.

आधी दिवसाची नोंद

अर्ज भरण्याच्या आधी किमान एक आठवडा एक वही ठेवा. रकाने चारच हवेत: वेळ, घेतलेली गोळी, अवस्था (ऑन, ऑफ किंवा अंगाला नको इतके हेलकावे), आणि त्या तासात काय जमलं नाही. शुभार्थीचं अक्षर बारीक होत गेलेलं असतं म्हणून नोंद शुभंकराने लिहावी, पण काय वाटलं ते शुभार्थीला विचारून लिहावं.

"आज त्रास जास्त होता" अशी नोंद कामाची नाही. "सकाळी ६ ते ७:१५ पलंगावरून एकट्याने उठता आलं नाही, लघवीला न्यायला दोन माणसं लागली" ही कामाची. "शर्टाची बटणं मुलीने लावली." "न्हाणीघराच्या दारात पाय अडकले, भिंतीला धरून दहा मिनिटं उभे." "फोनवर आवाज समोरच्याला कळला नाही, दोनदा फोन ठेवला." "पाणी पिताना ठसका." अशा साध्या वाक्यांतून आजार किती खोलवर गेला आहे ते कळतं.

पडण्याची नोंद वेगळ्या पानावर करा: तारीख, जागा, काय करताना पडलो, कुठे लागलं. टाके पडले असतील किंवा एक्स-रे काढला असेल तर ते कागद तिथेच लावा.

कंप नसला तरी खचून जाऊ नका. पार्किन्सन्सच्या बऱ्याच रुग्णांना कंप कमी किंवा अजिबात नसतो आणि तरीही हालचालींतला संथपणा आणि ताठरपणा त्यांना पार बांधून टाकतो. न दिसणारे त्रास तर नक्की लिहा: उभं राहिल्यावर रक्तदाब घसरून चक्कर, वारंवार आणि घाईची लघवी, झोपेत ओरडणं किंवा हातपाय मारणं, नैराश्य, भास, विसर, गिळायला त्रास. घरातल्यांना या गोष्टी चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, विशेषतः भासांबद्दल. पण न सांगितलेला त्रास टक्क्यांत धरला जात नाही.

सोबत दोन-तीन छोटी चित्रफिती काढा. खुर्चीतून उठणं, चार पावलं चालून वळणं, बटण लावणं किंवा पेला तोंडाशी नेणं, एवढं पुरे. एक ऑनमधली, एक ऑफमधली. प्रत्येकीच्या सुरुवातीला तारीख, वेळ आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे बोलून नोंदवा. बोर्ड त्या पाहीलच असं नाही, पण तुमचा न्यूरॉलॉजिस्ट नक्की पाहील. पुढचं पाऊल त्याच्यावरच अवलंबून आहे.

न्यूरॉलॉजिस्टचं पत्र

संपूर्ण फायलीत एकच कागद चांगला करायचा असेल तर तो हा. नेहमीच्या चिठ्ठीवर फक्त आजाराचं नाव आणि गोळ्या असतात. त्यावरून बोर्डाला काहीच कळत नाही. म्हणून खास भेट ठरवा, वही आणि चित्रफिती दाखवा आणि प्रमाणपत्रासाठी पत्र हवं आहे असं स्पष्ट सांगा. गर्दीच्या ओपीडीत घाईघाईने मागितलेलं पत्र दोन ओळींचंच मिळतं.

पत्रात काय असावं? निदान कधी झालं, कोणती औषधं किती डोसमध्ये आणि दिवसातून किती वेळा चालू आहेत. ऑनमध्ये आणि ऑफमध्ये स्थिती कशी असते, हे दोन्ही वेगवेगळं. दिवसात साधारण किती तास ऑफ जातात. होन-यार टप्पा कोणता. या मोजपट्टीत पाच टप्पे आहेत: तिसऱ्यात तोल जायला लागतो, चौथ्यात माणूस उभा राहू शकतो पण रोजच्या कामांत बरीच मदत लागते, पाचव्यात मदतीशिवाय तो खुर्चीत किंवा अंथरुणातच असतो. बोर्डातल्या डॉक्टरांना या एका आकड्यावरून चित्र पटकन उभं करता येतं. यूपीडीआरएस ही तपशीलवार गुणपत्रिका भरून मिळाली तर आणखी चांगलं.

नमुना म्हणून हा मजकूर पाहा. पत्र इंग्रजीत असेल, पण आशय असा हवा: "रुग्णास आठ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. ऑनमध्ये होन-यार टप्पा ३, ऑफमध्ये ४. औषधांचा योग्य डोस चालू असूनही दिवसातून सुमारे पाच तास ऑफ अवस्था. चालताना पाय गोठतात, मागे तोल जातो, गेल्या सहा महिन्यांत चार वेळा पडले. अंघोळ, कपडे, अंथरुणातून उठणे यांसाठी दुसऱ्याची मदत आवश्यक. आवाज क्षीण. आजार वाढत जाणारा असून पूर्ववत होण्याची शक्यता नाही." आकडे अर्थातच तुमचे, तुमच्या वहीतले. एकही वाढवून नको.

"औषधं चालू असूनही" हे शब्द जरूर मागून घ्या. नाहीतर प्रश्न येतोच, की औषधं सुरू केल्यावर बरं वाटेल ना?

आणखी एक अडचण हमखास येते. पार्किन्सन्सचं निदान डॉक्टर तपासून करतात, रक्ताच्या चाचणीतून ते होत नाही आणि मेंदूचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना हे पाहायला. पण फायलीत तो नॉर्मल अहवाल वर दिसला की एखाद्याला वाटतं, मग आजार कुठे आहे? म्हणून पत्रात एक ओळ असू द्या: निदान लक्षणांवर आधारित आहे आणि या आजारात एमआरआय नॉर्मल असणं अपेक्षित आहे.

शुभार्थीला दुसरेही त्रास असतात, वयामुळे ऐकू कमी येतं, पूर्वीचा पक्षाघात असतो, स्मृती ढासळलेली असते. त्यांचे वेगळे अहवाल त्या-त्या तज्ज्ञाकडून घ्या. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा आधी धरून लहान आकड्याचा ठरावीक हिस्सा सूत्राने त्यात मिळवतात. तरीही ३५ वर अडकलेला माणूस त्यामुळे ४० च्या पलीकडे जाऊ शकतो.

ऑनलाइन अर्ज

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र यूडीआयडीच्या संकेतस्थळावरूनच दिलं जातं. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांसाठीचं देशभर चालणारं ओळखपत्र. संकेतस्थळाचं नाव 'स्वावलंबन कार्ड' आहे आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे की नाही ते पाहूनच माहिती भरा. घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जा.

जवळ ठेवायचं ते इतकंच: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, सहीची किंवा अंगठ्याची स्कॅन प्रत आणि वैद्यकीय कागद. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरा. पेन्शनची कागदपत्रं, बँक आणि आधार यांत स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. पुढे अनुदान अडकतं ते बहुधा इथेच. मोबाइल क्रमांक असा द्या जो कायम चालू राहील आणि ज्यावर आलेला ओटीपी कुणीतरी लगेच वाचू शकेल. शुभार्थीचा फोन उशाशी आणि शुभंकर ऑफिसात, असं झालं की अर्ज अर्ध्यात बंद पडतो.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना यादीत पार्किन्सन्स स्वतंत्रपणे दिलेला असतो. तोच निवडा. इतर प्रकार लागू असतील तर तेही टाका. मग रुग्णालय निवडायचं: जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. शक्य असेल तर महाविद्यालयाचं निवडा, कारण जिल्हा रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट असेलच असं नाही आणि मग तुम्हाला तिथूनच पुढे पाठवलं जातं. जाण्याआधी फोन करून बोर्ड आठवड्यातल्या कोणत्या वारी बसतं आणि मेंदूविकारांचे डॉक्टर त्या वारी असतात का, हे विचारून घ्या. पार्किन्सन्सच्या माणसाला एक फुकट फेरीसुद्धा दोन दिवस झोपवते.

अर्ज पूर्ण झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना तीन महिन्यांची मुदत आहे. दोन वर्षं निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, म्हणून विसरून जाऊ नका. दर महिन्याला स्थिती तपासा.

तपासणीच्या दिवशी

गोळ्या नेहमीच्या वेळीच घ्या आणि पुढच्या दोन डोसच्या गोळ्या सोबत ठेवा, कारण रांग कधी संपेल सांगता येत नाही. पाणी, कोरडा खाऊ, बदलायचे कपडे, चाकाची खुर्ची किंवा काठी जे रोज वापरता ते न्या. रोज काठी वापरत असाल तर "आज जरा बरं आहे" म्हणून ती घरी ठेवू नका.

फाइल अशी लावा की पहिल्याच पानावर न्यूरॉलॉजिस्टचं पत्र येईल, मग तुमच्या वहीचा एक पानी सारांश, मग पडण्याची नोंद, मग बाकी अहवाल. मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच वेगळा ठेवा. आठ वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या कुणी चाळणार नाही. सारांशाचं एक पान मात्र वाचलं जातं.

शुभंकराने आत सोबत जायची परवानगी मागावी. शुभार्थीचा आवाज बारीक झालेला असतो, उत्तर द्यायला वेळ लागतो आणि डॉक्टर घाईत असतात. पण शुभंकराने सगळी उत्तरं आपणच देऊन टाकू नयेत. आधी शुभार्थीला बोलू द्यावं, मग राहिलेलं जोडावं. शुभार्थीनेही "जमतं" एवढ्यावर थांबू नये. "जमतं, पण किती वेळात, कुणाच्या मदतीने आणि दिवसातून किती वेळा जमत नाही" हे सांगावं. आत जाण्याआधी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा आणि नम्रपणे म्हणा, "आत्ता मी ऑनमध्ये आहे, ऑफमध्ये कसा असतो ते पत्रात आणि या नोंदीत आहे." हे एक वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

अंथरुणाला खिळलेल्या शुभार्थीच्या तपासणीची सोय व्हावी म्हणून रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे आधी लेखी विनंती करा. पत्राची पोच घ्या.

हातात आलेलं प्रमाणपत्र नीट वाचा

टक्के पाहून कागद कपाटात ठेवू नका. नाव, प्रकार, टक्के यांच्याखाली दोन महत्त्वाच्या नोंदी असतात. एक, स्थिती वाढत जाणारी आहे का. दुसरी, पुन्हा तपासणी लागेल का आणि लागेल तर किती वर्षांनी. पुन्हा तपासणीची तारीख असेल तर तिच्या तीन-चार महिने आधीच तयारी सुरू करा, नाहीतर मुदत संपल्यावर मधले महिने अनुदान थांबतं. कार्डाचा रंगही अर्थ सांगतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्याहून जास्त असल्यास निळं.

टक्के अपेक्षेपेक्षा कमी आले तर दोन वाटा आहेत. मूल्यमापनात काही सुटलं असं वाटत असेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. मूल्यमापन त्या दिवसापुरतं योग्यच असेल पण आजार पुढे गेला, तर नव्या पत्रासह पुन्हा तपासणी मागा. कोणता रस्ता घ्यायचा हे न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. रागाच्या भरात केलेल्या अपिलात तोच जुना, दोन ओळींचा कागद जोडला तर निकालही तोच येतो.

पैसे घेऊन टक्के वाढवून देणारे दलाल रुग्णालयांच्या आवारात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्याला कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही शिक्षा दलाल भोगत नाही.

नोकरीत असाल तर

पन्नाशीच्या आत आजार झालेल्यांसाठी हा भाग पेन्शनपेक्षाही मोलाचा आहे. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना दिव्यांगत्व आलं तर कलम २०(४) नुसार तुम्हाला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. सध्याचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा) पदावर ठेवावं लागतं. म्हणून वरिष्ठांच्या गोड बोलण्याला भुलून राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीवर सही करू नका. आधी प्रमाणपत्र घ्या आणि या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

खासगी नोकरीत ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) सदस्य असाल तर एक लाभ फार थोड्यांना माहीत असतो. दीर्घ आजारांसाठीच्या विस्तारित आजारपण लाभाच्या यादीत पार्किन्सन्सचं नाव आहे. अटी पूर्ण होत असतील तर कामावर जाता येत नसलेल्या काळासाठी सरासरी दैनिक वेतनाच्या ८० टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी सलग दोन वर्षांची विमा नोंद लागते, म्हणून नोकरी सोडण्याआधीच शाखा कार्यालयात विचारा. ईपीएफचे (कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचे) सदस्य काम करण्यास कायमचे आणि पूर्ण असमर्थ झाले, तर कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये दहा वर्षं सेवा झालेली नसतानाही दिव्यांगत्व पेन्शनची तरतूद आहे. असमर्थता नोकरीत असतानाच आलेली असावी लागते. इथेही राजीनाम्याची घाई नडते.

नोकरीतल्या आरक्षणाबद्दल गैरसमज नको. कलम ३४ मधल्या चार टक्के आरक्षणाच्या गटांत पार्किन्सन्सचं नाव नाही.

आयकर

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी आपल्या सर्वांत जवळचं. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर वजावट देणाऱ्या नियमांत पार्किन्सन्स नावासकट आहे, अट ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाची. मर्यादा ४०,००० रुपये, ज्येष्ठ नागरिकांच्या उपचारासाठी एक लाख. तज्ज्ञ न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते.

कलम ८०यू (स्वतः दिव्यांग करदात्यासाठी) आणि ८०डीडी (दिव्यांग व्यक्ती अवलंबून असलेल्यासाठी) यांत वजावट ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,००० रुपये. पण या कलमांतली दिव्यांगत्वाची व्याख्या १९९५ च्या जुन्या कायद्यावर बेतलेली आहे. त्यात पार्किन्सन्सचं नाव नाही, चलनवलनाचं दिव्यांगत्व आहे. म्हणून आपल्या सीएला प्रमाणपत्र दाखवूनच दावा करा. या सगळ्या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात, आणि आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात.

पेन्शन, प्रवास आणि बाकीचं

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कार्यालयामार्फत चालते. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, त्यामुळे मध्यमवर्गीय घरं तिच्यात बसत नाहीत. जी बसतात त्यांनी अजिबात सोडू नये: दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं तयार ठेवा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकांना उत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून काय देतात ते तुमच्या ग्रामसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयात विचारा. हा निधी मागणारे कमी असतात.

एसटीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. शुभार्थीचं वय ७५ पूर्ण असेल तर ऑगस्ट २०२२ पासून एसटी प्रवास तसाही मोफत आहे, त्या एका कारणासाठी प्रमाणपत्राची धावपळ नको. रेल्वेची गोष्ट निराळी: तिथे सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या, चलनवलनाचं दिव्यांगत्व असलेल्यांना सवलत आहे आणि तिच्यासाठी रेल्वेच्याच नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. ठरावीक दिव्यांगांसाठीची 'निरामय' ही सरकारी आरोग्य विमा योजना पार्किन्सन्सला लागू नाही. सत्तरी ओलांडलेल्यांनी मात्र आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण त्यात आहे.

लाभ सुरू झाल्यावर अडतं ते सहीवर आणि बोटांवर. अक्षर बारीक होत सही जुळेनाशी झाली की बँक चेक परत करते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल तर, चालतो. शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज देऊन ही सोय आधीच करून ठेवा आणि खातं विश्वासातल्या माणसासोबत संयुक्त करा. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी कंपामुळे बोटांचे ठसे उमटत नसतील तर जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती घरच्या मोबाइलवरून होते. ऑनमधली वेळ निवडा आणि खिडकीजवळ, उजेडात बसवून फोटो घ्या.

अडलंच कुठे तर पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्थांच्या सभांना जा. तुमच्याच जिल्ह्यातल्या बोर्डापुढून नुकतंच गेलेलं कुणीतरी तिथे भेटण्याची शक्यता असते. अधिकारी ऐकतच नसतील तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत अर्जाचा नोंदणी क्रमांक, तारखा आणि पोचपावत्यांच्या प्रती जोडा.